घरच्या मैदानावर हरले आणि घरात सुतक

प्रिय ताई,

आम्ही लंडनच्या उत्तरेला, गाडीने तासाभरावरच्या एका छोट्या गावात राहतो. मुलगी नऊ वर्षांची, नवरा आयटीत. त्याला इथल्या नॉन-लीग, म्हणजे खालच्या पायऱ्यांवरच्या, फुटबॉल क्लबचं वेड आहे. नुसता बघत नाही, तिथे राबतो. शनिवारी साडेअकराला घराबाहेर पडतो, कॉर्नरचे झेंडे रोवतो, रॅफलची (सोडतीची) तिकिटं विकतो, मॅच संपली की जाळ्या सोडवतो, खुर्च्या आवरतो. पैसे शून्य.

यंदा ४२ मॅचेस खेळून क्लब दुसरा आला. वरच्या लीगमध्ये जाण्यासाठीच्या प्ले-ऑफची सेमीफायनल आमच्याच मैदानावर, बुधवारी रात्री. समोर पाचव्या नंबरचा संघ. सगळे म्हणत होते, आता फायनल आपलीच. ८८व्या मिनिटाला कॉर्नरवरून गोल खाल्ला. ०-१. खेळ खलास.

त्या रात्रीपासून घरात सुतक आहे. जेवणात लक्ष नाही, बोलण्यात लक्ष नाही, मोबाइलवर तोच गोल पुन्हा पुन्हा बघतो. मुलगी क्लबचा स्कार्फ उशाशी घेऊन रडत झोपली. कहर म्हणजे शनिवारी इथल्या मराठी मंडळाचा महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम होता, सूत्रसंचालन याच्याकडे. सकाळी म्हणतो, ‘मला नाही जमणार. ताप आलाय म्हणून कळव.’ मी कळवलं. ऐन वेळी दुसऱ्या कुणाला तरी माईक धरावा लागला. संध्याकाळी माझा तोल गेला. म्हटलं, ‘अरे, तुझा क्लब काय मँचेस्टर युनायटेड आहे? हजारभर माणसं येतात बघायला!’ तेव्हापासून अबोला.

ताई, हे नॉर्मल आहे का? पुढच्या सीझनचं तिकीट काढू द्यावं का? मुलगीही त्याच वाटेला लागलीय. आणि गंमत बघा, गावात पोस्टमनपासून लायब्ररीतल्या बाईंपर्यंत सगळे त्याला नावाने हाक मारतात. मला इतक्या वर्षांत कुणी ओळखत नाही.

नवरा मूळचा कोल्हापूरचा, मी नाशिकची.

— सुतकातली

*

अगं, नवरा कोल्हापूरचा हे शेवटच्या ओळीत लिहितात होय? पहिल्या ओळीत लिहिलं असतंस तर पुढचं अर्धं पत्र मला न वाचताही कळलं असतं.

माझं माहेर शिवाजी पेठ. आमच्याकडे फुटबॉलचा संघ कंपनीचा नसतो, कॉलेजचा नसतो, तालमीचा असतो. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ. ज्या तालमीच्या लाल मातीत आजोबा शड्डू ठोकून उतरले, तिच्याच नावाची जर्सी घालून नातू शाहू स्टेडियमवर उतरतो. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉल कसा काय पोसला, हा प्रश्न नाशिकच्या माणसाला पडतो. आमच्याकडे तो कुणाला पडत नाही. २०१७ मध्ये भारतात १७ वर्षांखालच्यांचा वर्ल्ड कप झाला, तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्याचं कौतुक आहेच. पण पेठेतल्या कट्टर माणसाला खाजगीत विचारशील तर त्याच्या लेखी आपल्या तालमीचा कालचा निकाल वर्ल्ड कपाच्या वर असतो. आणि तो निकाल उलटा लागला असेल, तर त्या रात्री घरात कुणी त्याचं नाव काढत नाही. ‘पान वाढू का?’ एवढंच विचारायचं. पुढे गप्प.

असा माणूस नोकरीसाठी इंग्लंडात येतो. प्रीमियर लीग त्याला टीव्हीवर रोज दिसते, पण पेठ कुठे दिसते? ती त्याला गावाच्या टोकाला सापडली, चार दिव्यांच्या खांबांखाली, लोखंडी कठड्याच्या आत. तुला वाटतं नवऱ्याला इथे येऊन इंग्रजी खूळ लागलं. मला तर तो जसा होता तसाच दिसतोय.

आता तुझ्या त्या मँचेस्टर युनायटेडच्या वाक्याकडे येते. ते बोलायला नको होतंस. तुझा राग चुकीचा होता म्हणून नव्हे. शनिवारी तुला राग यायलाच हवा होता, त्याबद्दल पुढे बोलूच. पण तू नेमका उलटा हिशेब मांडलास. मँचेस्टर युनायटेड हरला तर जगभरात कोट्यवधी लोक हळहळतात, आणि त्यातल्या एकानेही त्या मॅचसाठी काडी हलवलेली नसते. तुझ्या नवऱ्याने त्या कोपऱ्यातला झेंडा दुपारी स्वतःच्या हाताने रोवला होता. गोल त्याच कोपऱ्यावरून आला. मॅच संपल्यावर झेंडा उपटून खोलीत ठेवायलाही तोच गेला असणार. जाळ्या सोडवल्या, खुर्च्या रचल्या, समोरच्या संघाची माणसं बारमध्ये गात असताना रॅफलचा हिशेब जुळवला, आणि मग घरी आला. घरी आल्यावर त्याला कळलं की क्लब छोटा आहे म्हणून दुःखही छोटं असायला हवं होतं.

तो व्हिडिओ तो का बघतो, याचा माझा एक अंदाज सांगते. या छोट्या मैदानांवर प्रेक्षकांना सहसा कुणी एका जागी जखडून ठेवत नाही. हाफ टाइमला लोक चहाचे कप सांभाळत या टोकाकडून त्या टोकाला चालत जातात, कारण दुसऱ्या हाफमध्ये आपला संघ तिकडच्या गोलवर हल्ला करणार असतो. म्हणजे तुझा नवरा बहुतेक समोरच्या संघाच्या गोलामागे उभा होता, आपला गोल होईल या आशेवर. आणि जो गोल झाला तो शंभर मीटर लांब, पार पलीकडे, माणसांच्या गर्दीत. त्याला तो धड दिसलाही नसेल. नुसता आवाज आला असेल, तोही चुकीच्या लोकांचा. जे डोळ्यांसमोर घडलंच नाही, ते तो आता बघून घेतोय. आठवडाभर बघेल आणि थांबेल. तू मोबाइल हिसकावून घेऊ नकोस.

तुला हे सगळं पोरखेळ वाटत असेल, तर थोडं गणित सांगते. तूही आयटीवाल्याची बायको, समजेल. इंग्लंडात वरच्या चार पायऱ्यांवर ९२ क्लब आहेत. त्याखालचं सगळं नॉन-लीग. पाचवी पायरी नॅशनल लीगची, सहावीवर तिचे नॉर्थ आणि साउथ असे दोन भाग, सातवीवर प्रदेशवार चार विभाग, आणि खाली उतरत जावं तसा पसारा वाढत जातो. जगातला सगळ्यात जुना म्हणून मानला जाणारा फुटबॉल क्लब, १८५७चा शेफील्ड एफसी, तोसुद्धा आज याच पसाऱ्यात खेळतो. तू लिहिलंयस त्यावरून तुमचा क्लब सातव्या नाहीतर आठव्या पायरीवरचा असावा. तिथला नियम असा की पहिला येईल तो थेट वर. दुसरा ते पाचवा या चौघांत प्ले-ऑफ, आणि त्यातून एकच वर. सेमीफायनल एकाच मॅचची, वरच्या नंबराच्या घरी. म्हणजे ऑगस्ट ते एप्रिल चिखलात, पावसात ४२ मॅचेस खेळून जी दुसरी जागा कमावली, तिचं एकूण मोल किती? तर एका रात्रीपुरतं घरचं मैदान. ते मैदान मिळालं आणि तिथेच हरले. दुसरं, तिसरं, पाचवं, सगळं सारखंच झालं. ४२ मॅचेसचा जमाखर्च ८८व्या मिनिटाला शून्यावर आला.

हे फक्त तुमच्या गावात घडतं असंही नाही. पाचव्या पायरीवर, २०२४-२५ मध्ये, यॉर्क सिटी ९६ गुण मिळवून दुसरा आला. प्ले-ऑफची सेमीफायनल घरच्या मैदानावर, समोर ओल्डहॅम, पाचव्या नंबरचा, गुणतक्त्यात २०हून जास्त गुणांनी मागे. यॉर्क ०-३ हरला. ओल्डहॅम पुढे लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर फायनल जिंकून वर गेला. त्याच्या दोन वर्षं आधी, २०२२-२३ मध्ये, नॉट्स काउंटीने १०७ गुण केले, तरी दुसराच आला, कारण रेक्सहॅमचे १११ होते. नॉट्सलाही मग प्ले-ऑफच्या सेमीफायनलला घरच्या मैदानावर दोन गोलांनी मागे पडून, जादा वेळेच्या अगदी शेवटी जीव वाचवावा लागला. फायनल तर पेनल्टीवर सुटली. नॅशनल लीगमधून दोनऐवजी तीन क्लब वर घ्या, अशी मागणी तिथल्या क्लबांनी २०२५ मध्ये केली ती उगाच नाही. तेव्हा दुसऱ्या नंबरावर येऊन घरी हरणं हे या देशातलं जुनं, मान्यताप्राप्त दुःख आहे. तुझ्या नवऱ्याने ते शोधून काढलेलं नाही.

हरणं सगळं एकसारखंही नसतं. १० जानेवारी २०२१ला आठव्या पायरीवरच्या मरीन या लिव्हरपूलजवळच्या क्लबाकडे एफए कपात, म्हणजे लहानमोठ्या क्लबांच्या बाद स्पर्धेत, प्रीमियर लीगमधला टॉटनहॅम खेळायला आला. कोविडमुळे मैदानात प्रेक्षक नाहीत, तर मैदानाला लागून ज्यांच्या परसबागा आहेत ते लोक कुंपणावरून बघत होते. घरबसल्यांसाठी क्लबाने नुसती नावापुरती तिकिटं विकली, ती ३० हजारांच्या वर खपली. मरीन ०-५ हरला, आणि तो दिवस त्यांच्या इतिहासातला सोन्याचा दिवस. राक्षसाकडून पाच खाल्ले तर ती जत्रा असते. बरोबरीच्याकडून, आपल्याच अंगणात, एक खाल्ला तर मात्र घास उतरत नाही. नवऱ्याला ‘अरे फक्त एकच तर गोल’ असं म्हणू नकोस, एवढ्यासाठी हे सांगितलं.

आणि एक गोष्ट अशी आहे, जी तुला कुणी सांगितली नसेल आणि तो स्वतः तर सांगणारच नाही.

तो संघ आता उरलेला नाही.

मँचेस्टर युनायटेड हरला तरी ऑगस्टमध्ये बहुतेक तीच माणसं परत दिसतात. त्यांचे करार वर्षानुवर्षांचे. इथे खालच्या पायऱ्यांवर खेळाडू दिवसा इलेक्ट्रिशियन, प्लंबर, शाळेत पीटीचे मास्तर. आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव, मॅचमागे थोडे पैसे. करार असला तर एका सीझनचा, पुष्कळदा तोही नाही. मे महिना लागला की शेजारच्या गावचा क्लब आठवड्याला पन्नास पौंड जास्त देतो म्हणून स्ट्रायकर जातो, त्याच्यामागे मॅनेजर जातो, मॅनेजरमागे आणखी तिघे. वर गेले असते तर बरेच जण थांबले असते. जेमी वार्डीचं नाव तू ऐकलं असशील, लेस्टरला २०१६ मध्ये प्रीमियर लीग जिंकून देणाऱ्यांतला. स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्सकडून खेळायचा तेव्हा सुरुवातीला त्याला आठवड्याचे ३० पौंड मिळत. २०१० मध्ये तो हॅलिफॅक्सला गेला, २०११ मध्ये फ्लीटवूडला, २०१२ मध्ये लेस्टरला. लोकांना त्यात त्याची झेप दिसते. मला दर वर्षी मागे राहिलेल्या गावातले लोक दिसतात. आमच्या हॅरोकडच्या वील्डस्टोनचे जुने लोक अजून स्टुअर्ट पियर्सच्या गोष्टी सांगतात. दिवसा इलेक्ट्रिशियन, शनिवारी डावा बॅक. १९८३ मध्ये कव्हेंट्रीने नेला, पुढे इंग्लंडकडून खेळला. अभिमान आहेच. पण नेला तो नेलाच.

बुधवारी रात्री तुझा नवरा अकरा ओळखीच्या माणसांना एकत्र असं शेवटचं बघून आलाय. त्यातल्या निम्म्यांनी त्याच्याकडून रॅफलची तिकिटं घेतली असतील. याला सुतक म्हणालीस, तर शब्द तू बरोबर वापरलास. फक्त मेलं कोण ते तुला ठाऊक नव्हतं.

इथवर मी त्याची वकिली केली. आता पुढचं त्याला वाचून दाखव.

जावईबापू, सुतकात माणूस घरी बसतो, पण दुसऱ्याच्या कार्याची वाट लावत नाही. मंडळाच्या कार्यक्रमाला तुम्ही महिनाभर आधी हो म्हणालात. तिथल्या लोकांनीही तुमच्यासारखंच फुकट राबून हॉल घेतला, खुर्च्या मांडल्या, लहान मुलांचं पोवाड्याचं पथक तयार केलं. ऐन वेळी माईक सोडून पळणं म्हणजे गोलकीपरने सामन्याच्या सकाळी ताप आल्याचं कळवणं. तुमच्या क्लबात कुणी असं केलं असतं तर त्याचं तोंड तुम्ही वर्षभर बघितलं नसतंत. वर ताप आल्याचं बायकोच्या तोंडून सांगितलंत, हे त्याहून वाईट. दुःख तुमचं होतं, खोटं मात्र तिच्या खात्यावर जमा झालं.

आणि बाई, तूही. ‘तूच सांग त्यांना’ म्हणून फोन त्याच्या हातात ठेवायचा होतास. आपल्या बायकांना ही एक खोड आहे, आधी सांभाळून घ्यायचं आणि संध्याकाळी व्याजासकट वसूल करायचं. तू सकाळी खोटं बोललीस त्याचा राग संध्याकाळी मँचेस्टर युनायटेडच्या तोंडून बाहेर पडला. नाहीतर त्या क्लबाशी तुझं काय वैर!

लेकीची काळजी मला तुझ्याइतकी वाटत नाही. नऊ वर्षांची पोर आपला संघ हरला म्हणून रडते, हे चांगलंच लक्षण. ज्या गोष्टीवर जीव लावला ती हातची गेली की रडू येतं, हे तिला कधीतरी कळायचंच होतं. इथे ते स्कार्फवर भागलं. बघायचं ते एवढंच की रडून झाल्यावर काय करायचं हे ती कुणाकडून शिकते. बुधवारी शिट्टी वाजल्यावर तिच्या बाबांनी काय केलं, हे तिला विचार. खेळाडू मान खाली घालून कठड्याजवळून जाताना त्याने टाळ्या वाजवल्या का? बहुतेक वाजवल्याच असतील. असली माणसं वाजवतात. तसं असेल तर ते तिने पाहिलंय. नंतरचा अबोलाही ती बघतेच आहे, आणि ते बंद व्हायला हवं. नवऱ्याला हे सांगताना ‘मुलीवर वाईट परिणाम होतोय’ असलं मासिकातलं वाक्य वापरू नकोस. ‘तिला तुझ्याशी त्या मॅचबद्दल बोलायचंय, माझ्याशी बोलून तिचं समाधान होत नाही,’ एवढंच सांग. दोघांना बसू दे. गोलकीपर पुढे आला नाही की बॅकने माणूस सोडला, हे त्यांचं त्यांना ठरवू दे. तू चहा कर आणि लांब राहा.

सीझन तिकिटाचं विचारलंयस. काढू दे. या पायरीवरचं वर्षाचं तिकीट प्रीमियर लीगच्या मानाने किरकोळ असतं, आणि खरं सांगायचं तर तिकीट नसलं तरी तो झेंडे रोवायला जाणारच. तिकिटापायी भांडण लावलंस तर हरशील, आणि जिंकलीस तर शनिवारभर घरात येरझाऱ्या घालणारा माणूस पदरात पडेल. भांडायचं तर वेळेवरून भांड. ४२ मॅचेस, त्यातल्या २१ घरच्या आणि २१ बाहेरच्या. घरच्या २१ त्याच्या, त्यावर तू तोंड उघडायचं नाहीस. बाहेरच्या २१ मात्र विचारून. त्यातल्या बऱ्याच दूरच्या असतात, मंगळवारी रात्री जाऊन बाराला परतायचं, दुसऱ्या दिवशी ऑफिस. तिथे झेंडे दुसरा कुणी रोवतो, त्याच्यावाचून काही अडत नाही. कपाच्या मॅचेस वेगळ्या. एफए कपाच्या पात्रता फेऱ्या ऑगस्टमध्येच सुरू होतात आणि त्या आधी कॅलेंडरवर नसतात, तेव्हा त्याची पळवाट आजच बुजवून ठेव.

दुसरं म्हणजे, उन्हाळा तुझा. संघ आठवडाभर रडतो आणि मग मे-जून काहीच नसतं. मैत्रीपूर्ण सामने जुलैत, वेळापत्रकही साधारण तेव्हाच. भारतात जायचं असेल, कॉर्नवॉलला जायचं असेल, घराला रंग द्यायचा असेल, तर याच दोन महिन्यांत, आणि त्यात क्लबाने नाक खुपसायचं नाही. एक अपवाद मी तुला स्वतः सुचवते. मे महिन्यात या क्लबांत मैदानाची डागडुजी निघते. जुनं गवत खरवडून नवं बी पेरतात, कठड्यांना रंग देतात, गळके छप्पर दुरुस्त करतात. सगळं गावकऱ्यांच्या हातांनी, एखाद्या रविवारी. त्याला तिथे पाठव. चार तास ब्रश हातात धरून, शेजारी तसाच तोंड पाडलेला कुणी म्हातारा उभा असला की या माणसांचं जे सुटतं ते आपल्याशी बोलून सुटत नाही. हा आपला पराभव नाही, तो त्यांचा स्वभाव आहे. रंगाचे डाग पडलेली पँट मात्र त्याची त्याला धुवू दे.

मे संपला तरी झोप नाही, ऑफिसात लक्ष नाही, क्लबात जायचंही नको म्हणतोय, असं झालं तर मात्र फुटबॉलचा विषय बाजूला ठेव आणि जीपीची (डॉक्टरची) वेळ घे. कधीकधी मॅच हे नुसतं निमित्त असतं. तुझ्या पत्रावरून मला तसं वाटत नाही.

आता तुझं. पत्राच्या शेवटी, ‘गंमत बघा’ म्हणून, तू एक वाक्य टाकून दिलंस. त्याला सगळे नावाने हाक मारतात, तुला कुणी ओळखत नाही. यात गंमत कुठे आहे मला दिसली नाही. मला वाटतं, राग सुतकाचा थोडा आणि याचा फार आहे. त्याला परक्या गावात पेठ मिळाली. हरल्यावर सोबत रडायला माणसं मिळाली. तू नाशिकहून आलीस आणि तुझ्या वाट्याला शाळेच्या फाटकाबाहेरचं ‘हाय’ आणि दर दोन महिन्यांनी मराठी मंडळ. त्या मंडळातही त्या शनिवारी तुला त्याचं खोटं घेऊन उभं राहावं लागलं. म्हणून ते इतकं झोंबलं.

यावर सगळे तुला सांगतील की तूही त्याच्याबरोबर मॅचला जा. मी नाही सांगणार. तुला चिखलात उभं राहून बर्गर खायची हौस नसेल तर बायकोपणाच्या कर्तव्यापोटी जाऊ नकोस. ती त्याची पेठ आहे, तिथे तू त्याची बायको म्हणूनच ओळखली जाशील. तुला तुझ्या नावाने हाक मारणारं ठिकाण लागेल. लायब्ररीतल्या बाई त्याला ओळखतात म्हणालीस ना, मग त्याच लायब्ररीत वाचनगट आहे का ते विचार. गावात धान्याची फूड बँक असेल, बागकामाचे वाफे भाड्याने देत असतील, कॉयर असेल. नवऱ्याने काय केलं ते बघ: त्याने कुणाशी ओळख काढायचा प्रयत्न केलाच नाही, दर शनिवारी ठरल्या वेळेला जाऊन एक फालतू काम केलं. ओळखी आपोआप झाल्या. तू तेच कर, आणि शनिवारीच कर. लेक एक आठवडा त्याच्याबरोबर, एक तुझ्याबरोबर.

अबोला कुणी आधी सोडायचा, हे तू विचारलं नाहीस पण तुला तेच विचारायचं होतं. तू सोड. माफी मागू नकोस, मँचेस्टर युनायटेडचं वाक्य मागे घे एवढंच. ‘ते मी बोलायला नको होतं, पण शनिवारचं मला अजून पटलेलं नाही’ असं एका दमात, जेवताना नाही, गाडीत सांग. गाडीत समोर बघत बोलता येतं. संध्याकाळी तांबडा रस्सा करता येत असेल तर कर. नाशिकच्या हातचा कोल्हापूरकराला चालत नाही, तो नावं ठेवील, आणि नावं ठेवायला लागला की समज बोलायला लागला.

मंडळाचा फोन मात्र या आठवड्याच्या आत झाला पाहिजे, आणि तो त्यानेच करायचा. ‘ताप नव्हता, आमचा क्लब हरला होता, मला उभं राहवत नव्हतं, चुकलं’ एवढं स्वतःच्या तोंडाने सांगायचं. ऐन वेळी ज्यांनी माईक धरला त्यांना वेगळा फोन. सेक्रेटरी हसतील, चिडतील, कदाचित गणपतीचं सूत्रसंचालन गळ्यात मारतील. गणपती येतात ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे सीझन ऐन रंगात. हो म्हणण्याआधी त्या दिवशी घरची मॅच आहे का, हे बघून घ्यायला सांग.

— तुझी ताई